शिळा निरोप

इथे आखातात, हिद्दच्या ज्या शीतगृहात नवरा कामाला, तिथलंच गॅस-अलार्मचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हाच मी धास्तावले होते. तिथे थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. गळती झाली तर पळायला वेळ फार थोडा.

प्रत्येक सेन्सर आधी सर्व्हरला हाक मारायचा. सर्व्हर त्याला दर वेळी एक नवा आकडा द्यायचा. सेन्सरने तो आपल्या गुप्त किल्लीने बांधून परत पाठवला, की मगच त्याचं म्हणणं खरं धरायचं. पण वायफाय सारखं तुटायचं, मग ही देवाणघेवाण पहिल्यापासून, आणि स्क्रीन उगाच लाल. आमचे साहेब वैतागले. "एवढी चौकशी तर सासरे जावयाचीही करत नाहीत. आकडाबिकडा खलास. सेन्सरने सहीनिशी निरोप पाठवायचा, आपण घ्यायचा. यल्ला, लागा कामाला."

मी म्हटलं, मग निरोप आत्ताचा की कालचा, हे कळणार कसं?

"तू फार घाबरतेस बाई."

घाबरते तर घाबरते. माझा माणूस आत असतो, त्यांचा नाही. पण हे तोंडावर बोलायची छाती झाली नाही. नोकरी गेली की व्हिसाही जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहवेना. ऑफिसच्या टेबलावर एक सेन्सर जोडला. "सगळं ठीक" असा निरोप आला, मग त्याची वायरच उपटली. सेन्सर आणि सर्व्हरच्या मध्ये एक पेटी असते. लाइन तुटून जुळली की ती साठवलेले निरोप पुन्हा पुढे ढकलते. मी लाइन तोडून जोडली, तसा तोच जुना निरोप पुन्हा पोचला. स्क्रीन हिरवीगार, आणि सेन्सर माझ्या हातात बंद पडलेला. साहेबांना बोलावून दाखवलं.

त्यांचा चेहरा उतरला. "ही नवी पद्धत तर आज सकाळीच शीतगृहात चढवलीय," ते हळूच म्हणाले.

मी सेन्सर तसाच टेबलावर टाकला. नवऱ्याला फोन लावला. आत फोन नेत नाहीत, तो नुसता वाजत राहिला. साहेबांनी तिथल्या कंट्रोल रूमला हातातल्या मीटरने हवा तपासायला लावली आणि जुनी पद्धत परत चढवली. हवा ठीक निघाली. तोवर मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोलले, ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी नवरा गुदैबियातल्या आमच्या घरी आला तो खुशीतच. बूट काढता काढता म्हणाला, "तुमच्या अलार्मने आज कमाल केली गं. दुपारपर्यंत एकदाही लाल नाही. म्हटलं, एवढं हिरवं आहे तर आतला अमोनियाचा जुना व्हॉल्व्ह आजच उरकू. एकट्याने खोलून साफ केला, मास्कसुद्धा लावला नाही."

मी चहा टाकायला म्हणून उठले आणि ओटा धरून उभी राहिले.