गोळीचा ताप

पंच्याण्णवच्या आसपास मी सुरतला, उधन्यात एका मेडिकल स्टोअरवर बसायचो. तिथं येणारा एक खानदेशी पॉवरलूम कामगार अजून आठवतो. नाव कधी विचारलं नाही. उजवा पाय सुजलेला, पण दुकानाची पायरी चढण्याआधी शर्टाला चिकटलेले धागे न चुकता झटकायचा.

त्याच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू निघाले होते. डॉक्टरांनी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. हा मात्र ती फक्त सुट्टीच्या दिवशी घ्यायचा. गोळी पोटात गेली की हुडहुडी भरून ताप यायचा आणि तापात लूमवर उभं राहता येत नाही. आतले जंतू मरतात म्हणून अंग तापतं, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्याला त्या तापाचं भारी कौतुक. "काल ताप झकास चढना!" असं खुशीत सांगायचा.

एकदा त्यानं उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर ठेवल्या. "भाऊ, ह्या नकली शेतस. काल गोळी खादी, तरी ताप नही उना."

"अहो, ताप आला नाही म्हणजे जंतू कमी झाले असतील. चांगलंच आहे की!"

त्याला पटेना. आपल्या पायाकडे बघत म्हणाला, "मंग आते दवा काम करी राहिनी, हाई माले कसं समजी?"

त्यानं माझा हात धरून स्वतःच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं.

"ताप नाही," मी म्हणालो.

हे ऐकून चेहरा पडलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.