वीज बचतीचं व्याख्यान आणि सत्काराची शाल

मित्रांनो, मला अजून पटत नाहीये की हे आज खरंच घडलं!

विद्यापीठात आमच्या विभागात वीज बचतीवर व्याख्यान होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, अंगाची लाही लाही. हॉलमध्ये शिरले आणि दातावर दात वाजायला लागले. पाहुण्यांसाठी सकाळपासून रिकाम्या हॉलमध्ये एसी चालू होता!

उन्हासाठी बांधलेले दुपट्टे आम्ही पोरींनी सोडलेच नाहीत. आणि वक्ते? सत्काराची शाल अंगाभोवती घट्ट लपेटून वीज वाचवायला सांगत होते.

मी विभागप्रमुखांना हळूच विचारलं, "सर, एसी कमी करू?"

"काहून? पाहुणे आहेत ना! त्यायले गरमी होईन."

चहाच्या वेळी मी पाहुण्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मी तर केव्हाचा कुडकुडून राहिलो. पण तुम्ही एवढ्या मानानं लावलेला एसी, बंद करा कसं म्हणू?"

माझं घर कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राजवळ आहे. आत्ता घरी आले, तर आई दोरीवरच्या चादरीवर पडलेली केंद्राच्या चिमणीची राख झटकत होती.

"काय शिकवलं वं आज?" तिनं विचारलं.

तुम्ही काय सांगितलं असतं?