खांब (जिवंत), एक

आमच्या संस्थेत झाडांना नावं देतात. नावं ठेवतातही, पण ती एकमेकांना.

मी तिथे लेबलं लिहिते. चोवीस वर्षं झाली. जंगलातून फांदी येते, वर्तमानपत्रांत दाबून ती वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात माझं लेबल बसतं: झाडाचं नाव, जागा, तारीख, आणलं कोणी. मग तो कागद लोखंडी कपाटात जातो आणि डांबरगोळ्यांच्या वासात सुखाने राहतो. माझं अक्षर चांगलं आहे. ते सोडलं तर माझ्यात सांगण्यासारखं काही नाही, असं आमचे हे म्हणतात. आणि तेवढं सांगायला रोज अर्धा तास घेतात.

सांगायचंय ते चाख्याबद्दल.

आमचं जंगल बारमाही पावसाचं. एका मैदानाएवढ्या तुकड्यात दोनशे तऱ्हांची झाडं, आणि एका तऱ्हेचं एक झाड दिसलं की तिचंच दुसरं सापडेपर्यंत पायांचे तुकडे पडतात. पानं पार वर, दहा मजल्यांवर. फुलं कधी येतात त्याचा कोणालाच पत्ता नाही. खाली उभ्या माणसाला दिसतात ती नुसती खोडं, आणि सगळी सारखीच, शेवाळलेली. साहेब लोक मान वर करून बघतात आणि मान अवघडली की चहाला जातात. चाख्या कोयत्याने सालीचा नखाएवढा कपचा काढायचा, हुंगायचा, तोंडात टाकून चावायचा, थुंकायचा आणि सांगायचा, हे अमुक झाड. पुढे कधी वर्षाने, कधी चार वर्षांनी फुलं मिळाली की ते अमुकच निघायचं. त्याची बायको आमच्याकडेच झाडलोट करते. ती म्हणायची, "आख्खं जंगल जिभेवर आहे ह्या माणसाच्या, आणि भाजीत मीठ नाही ते कळत नाही!"

एवढी जीभ असून कागदोपत्री तो होता शिडीवाला. वर्ग चौथा. आमच्याकडे झाडांचं वर्गीकरण दर वर्षी बदलतं, माणसांचं कधीच नाही. पहिल्या वर्गाला हातांच्या खुर्च्या, दुसऱ्याला बिनहातांच्या, मला स्टूल आणि चाख्याला त्याचे दोन पाय. त्यातही गंमत बघा, त्याची शिडी अकरा वर्षांपूर्वीच मोडली होती. पण ती व्हरांड्यात टांगलेलीच. कारण वस्तू एकदा भांडारवाल्याच्या डेडस्टॉक रजिस्टरात चढली की समितीची सही झाल्याशिवाय उतरत नाही, आणि समिती काही बसत नाही. चाख्या दर वर्षी त्या नोंदीपुढे सही करायचा: 'शिडी, एक, मोडकी, सुस्थितीत.'

आता आमचे दोन साहेब. दोघेही पहिल्या वर्गाचे, दोघांच्या खोल्या समोरासमोर, आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. फोडेसाहेबांना पानाच्या कडेला एक दात जास्त दिसला की झालं, नवी जात! मग तिला नाव सासऱ्यांचं, नाहीतर बढती देणाऱ्याचं. जोडेसाहेबांचं उलट. त्यांना सगळं जंगल म्हणजे जेमतेम तीस झाडं, बाकी सगळा लोकांच्या डोळ्यांचा दोष. फोडेसाहेबांनी वर्षभर फोडायचं, जोडेसाहेबांनी पुढचं वर्षभर जोडायचं, आणि मी दोन्ही वर्षं त्याच कागदावर नव्या चिठ्ठ्या डकवायच्या. काही कागदांवर चिठ्ठ्या इतक्या झाल्यात की पान शोधावं लागतं.

आमच्या जंगलातल्या केंद्राच्या मागे, ओढ्याकाठी एक झाड आहे. दिसायला अगदी तांबडसालीसारखं, आणि तांबडसाल आमच्याकडे पैशाला पासरी. पण चाख्या मला पहिल्यापासून सांगायचा, "बाई, तांबडसाल कडू. हे आंबट, आणि मागून जीभ बधिर करतं. हे वेगळं आहे. आख्ख्या जंगलात असं दुसरं मला भेटलेलं नाही."

"मग साहेबांना सांग की."

"सांगितलं. ते म्हणतात, फूल आण."

फूल काही येत नव्हतं. पाच वेळा त्याने त्या झाडाच्या फांद्या आणल्या आणि पाचही कागद 'अनोळखी'च्या कपाटात गेले. वाळलेल्या फांदीला ना वास, ना चव.

तो निवृत्त व्हायला वर्ष राहिलं होतं तेव्हा संचालकबाईंच्या मनात आलं की केंद्राच्या मागे, ओढ्याकाठी, पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधावं. नियम साधा होता: दुर्मीळ यादीत नाव असलेलं झाड राखायचं, बाकीची तोडायची. अनोळखी झाड म्हणजे बाकीचं. ते ऐकून चाख्या माझ्या टेबलापाशी आला आणि नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, जेवलास का?" तर म्हणाला, "बाई, नावाशिवाय मेलं तर ते होतं हे सुद्धा कोणाला कळणार नाही हो." डोळे भरले होते त्याचे. मी पेनात शाई भरत बसले.

आठ दिवसांनी त्याने एक फांदी आणली. पानं ताटाएवढी. फोडेसाहेब खुर्चीतून उठलेच. नवी जात! नाव दिलं संचालकबाईंचं. पंधरा दिवसांनी त्याने दुसरी आणली, पानं बोटाएवढी. आणखी एक नवी जात! हिला नाव फोडेसाहेबांच्या बायकोचं, कारण घरीही शांतता लागते. फूल कुठाय म्हणून त्यांनी विचारलंच नाही. मी मात्र दोन्ही लेबलं लिहिताना चाख्याकडे बघितलं, आणि तो छताकडे बघत होता. मग माझ्या लक्षात आलं. बुडाशी सावलीत फुटलेल्या कोंभाची पानं मोठी, शेंड्यावरच्या उन्हातली बारीक. झाड एकच! बेट्याने साहेबांचीच खोड साहेबांना विकली होती.

दोन्ही नावं यादीत चढली. भांडारातून दोन पत्र्याचे बोर्ड निघाले, नंबर घालून, आणि ते झाडांवर बांधायचं काम आलं अर्थातच चाख्याकडे. त्याने एक बांधला वाटेच्या अंगाला आणि दुसरा ओढ्याच्या अंगाला. वाटेने येणाऱ्याला एक दुर्मीळ झाड दिसायचं, ओढ्याने येणाऱ्याला दुसरं. संचालकबाई वाटेने गेल्या, स्वतःच्या नावासोबत फोटो काढला आणि विश्रामगृहाची जागा थोडी पुढे सरकवली.

आठ महिने बरे गेले. मग एके दिवशी जोडेसाहेबांनी त्या झाडाला पूर्ण फेरी मारली. एवढ्या वर्षांत आमच्या कुठल्याही साहेबाने कुठल्याही झाडाला मारलेली ती पहिली फेरी.

मग काय, नुसता शिमगा! जोडेसाहेबांनी लेख लिहिला: दोन्ही जाती एकच, आणि ती एक म्हणजे आपली तांबडसाल. संचालकबाईंच्या खोलीत बैठक बसली. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात. चाख्याला बोलावून घेतलं.

"लबाडी केलीस?" बाईंनी विचारलं.

"केली," चाख्या म्हणाला. "झाड एकच आहे. पण तांबडसाल नाही, बाई. मी दोन्ही साली आणल्यात. चाखून बघा."

त्याने खिशातून दोन पुड्या काढून टेबलावर सोडल्या. दोन ओले कपचे. फोडेसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. जोडेसाहेब हसले आणि म्हणाले, "चव हा पुरावा नाही." संचालकबाईंनी रुमाल नाकाला लावून मला सांगितलं, "उचला ते." मी उचललं. आणि परत टिपणं लिहायला लागले.

निर्णय झाला. दोन्ही नावं रद्द, विश्रामगृह मूळ जागी, झाड गुरुवारी तोडायचं. चाख्याची निवृत्ती दोनच महिन्यांवर, म्हणून त्याला फक्त ताकीद.

सगळे गेल्यावर मी एक कपचा चाखला, कडू. मग दुसरा तोंडात टाकला. आंबट! आणि मग जीभ अशी बधिर झाली की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटेना. आमच्या ह्यांनी घरी आल्यावर दोनदा विचारलं, हे औषध कुठे मिळतं म्हणून. चाख्या खरं बोलत होता. पण सांगायचं कोणाला? साहेबाच्या चष्म्याला किंमत आहे, लेबलवालीच्या जिभेला नाही. हे मी स्वतःला समजावलं, आणि खरं सांगते, पटवून घेतलंही.

बुधवारी दुपारी चाख्या भांडारवाल्याकडे गेला. भांडारवाला म्हणजे नियमाचा किडा. त्याला चाख्याने एवढंच विचारलं, "उद्या झाड पाडणार आहेत. त्यावरचे दोन बोर्ड तुमच्या रजिस्टरात आहेत ना?"

भांडारवाला ताडकन उठला. रजिस्टर काखेत मारून तो थेट संचालकबाईंच्या दारात. बोर्ड क्रमांक अमुक आणि तमुक, 'झाडावर बसवलेले' अशी नोंद. समितीच्या सहीशिवाय काढता येत नाहीत. काढायचे नाहीत तर ते ज्यावर बसवलेत तेही हलवता येत नाही. बाई म्हणाल्या, "अहो, पण ती नावं रद्द झालीत!" भांडारवाला म्हणाला, "नावं तुमच्या खात्यातली. पत्रा माझ्या." समिती कधी बसेल? त्याने व्हरांड्यातल्या शिडीकडे बोट दाखवलं.

शेवटी विश्रामगृह वीस पावलं सरकलं. डेडस्टॉकात नवी नोंद झाली: 'खांब (जिवंत), एक, दोन बोर्डांसह.' इतक्या वर्षांनी झाडाचं एकदाचं वर्गीकरण झालं. चाख्याने शिडीच्या ओळीखालीच त्याही नोंदीपुढे सही केली.

त्याला निरोप दिला तेव्हा संचालकबाई भाषणात म्हणाल्या, "आपला चाख्या!" सगळे हसले. मीही हसले, टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे परवाच, फाटकावरून निरोप आला, चाख्या आलाय. आला तो हातात ओल्या वर्तमानपत्राची पुरचुंडी घेऊन. निवृत्त झाल्यापासून दर महिन्याला तो ओढ्याकाठी चालत जात होता, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं होतं. पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवून तो उभा राहिला. मी उलगडली. बोटाएवढी पानं, आणि त्यांच्या बगलेत हिरवट, मोहरीएवढी फुलं. झुपकेच्या झुपके!

"वारा सुटला होता," तो म्हणाला, "फांदी खालीच पडलेली मिळाली. साहेबांना द्या बाई. आता बघतील."

तांबडसालीची फुलं पिवळी, चांगली नखाएवढी. हे मलाही कळतं. मी त्याला माझं स्टूल दिलं, उभ्यानेच कोरं लेबल घेतलं आणि लिहायला लागले. जागा: ओढ्याकाठी. उंची: दहा मजले. साल: कापल्यावर आंबट, जीभ बधिर करते. हे मी लिहिलंच, कोणी विचारलं तर बघून घेईन. झाडाच्या नावाची जागा रिकामी सोडली. साहेब फोडोत की जोडोत.

मग आली ओळ 'आणलं कोणी'. नोकरीतल्या चौथ्या वर्गाचं नाव तिथे घालत नाहीत. तिथे मी चोवीस वर्षं 'संचालक व सहकारी' लिहीत आले. पण आता चाख्या नोकरीत नव्हता. बाहेरच्या माणसाने आणलं तर त्याचं पूर्ण नाव लिहायचं, असा नियमच आहे. मी आनंदाने पेन टेकवलं.

आणि पेन तिथेच थांबलं. हजारो झाडांची नावं मी न बघता लिहू शकते. ह्या माणसाशी बावीस वर्षं बोलले, त्याच्या बायकोच्या हातचं खाल्लं, त्याच्यापुढे झाडाच्या नावासाठी हळहळले. आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

"काय झालं, बाई? शाई संपली?"

"नाही," मी म्हटलं. मान वर करवेना. "तुमचं नाव काय हो?"

तो स्टुलावर सरळ बसला, आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं.