आईच्या माशाचा दसरा

गेल्या दसऱ्याला सकाळी मी निघोज्याहून, मावशीकडचा मुक्काम आटपून, चिंचवडला घरी आले. चप्पल काढायच्या आत लक्ष माशांच्या टाकीकडे गेलं. आईचा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. दुसरे दोन तळाला आडवे पडले होते. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि हा केशरी मासा तिनं स्वतः निवडून आणलेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज चहा घेऊन त्याच्यासमोर बसत. मोकळेपणी बोलत ते फक्त त्याच्याशी.

मी महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि दुसऱ्यालाही मी पडू देत नाही. बॅटरी घेऊन काचेला नाक लावलं. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, शेपूट फाटलेली नाही, कुठे खरचटलेलं नाही. कल्ले मात्र लालभडक. म्हणजे पाण्यातच काहीतरी. टाकीवरचा झेंडूचा हार ओढून काढला आणि फुलांवरचं औषध गळलं असणार म्हणून अण्णांवर खेकसले.

"हार आत्ता घातलाय," ते म्हणाले. "मासा सकाळपासनं असाच हाय. तुझीच वाट बघत हुतो."

मग मी फिनेलवर संशय घेतला, टँकरच्या पाण्यावर घेतला. अण्णा म्हणाले, जरा दमानं घे. दमानं घ्यायला मासा थांबणार होता का?

शेवटी फिल्टर बघायला खालचं कपाट उघडलं. मोटर चालू होती. तिच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली, वर एक फूल. डबा उघडला तर सडक्या अंड्यासारखा वास आला.

"अण्णा, ही बंद केली होती?"

"व्हय. काल खंडेनवमी न्हवती का? पूजा केली, बटण बंद केलं. आज सकाळी चालू केली."

अण्णांनी जन्मभर लेथ चालवली. खंडेनवमीला मशीन पुसायचं, पुजायचं आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे आमच्या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मीही कंपनीत तेच करून आले होते. पण इथे बंद डब्यात अडकलेल्या घाणीनं रातोरात पाणी कुजलं आणि बटण दाबताच सगळं टाकीत आलं. हे मी रागारागात फाडफाड सांगून टाकलं.

अण्णा खाली बसले. "म्हंजी तिचा मासा मीच मारला व्हय गं?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. "मेला नाहीये अजून. बादली आणा," म्हटलं.

मी नळीनं घाण पाणी काढत होते, अण्णा बाल्कनीतल्या पिंपात साठवलेलं पाणी आणून हळूहळू ओतत होते. आपट्याची पानं पिशवीतच राहिली. तळाचे दोन गेले. आईचा मासा संध्याकाळी तोंड मिटून खाली गेला आणि पोहायला लागला. अण्णा रडले. मीही रडले.

यंदाच्या खंडेनवमीला अण्णांनी स्कूटर पुसली, मिक्सरला हार घातला, आईच्या शिलाई मशीनवर फुलं वाहिली. मग कपाट उघडून चालत्या मोटरीलाच हळदकुंकू लावलं आणि तिच्यावर हात ठेवला.

"माफ कर बाई, तुला सुट्टी न्हाई," म्हणाले. उठताना माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तुझ्या आईलाबी कधी दिली न्हाई."