वाढवणं

मुलीने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मांडली आहे. तळाशी वाळू नाही, शोभेचे दगड नाहीत. पाणी फिरवणारा पंप, हीटर आणि वर निळसर दिवा, एवढंच. मिठाचं पाकीट फोडून तिने समुद्र घरीच कालवला आणि महिनाभर तो मुरू दिला.

काल मैत्रिणीकडून तिने जिवंत प्रवाळाची एक फांदी आणली. पकडीने तुकडे करून ती एकेक तुकडा चकतीवर चिकटवत होती. कट्‌कन आवाज झाला, तशी सोफ्यावर बसलेली माझी मोठी जाऊ म्हणाली, "तिन्हीसांजेला काय तोडतेस गं?"

"तोडत नाही काकू, वाढवतेय. प्रत्येक तुकड्याचं नवं प्रवाळ होतं."

वाढवणं. हे गेले त्या दिवशी याच जाऊबाईंनी माझी मनगटं धरून हाच शब्द वापरला होता. बांगड्या फोडायच्या असं म्हणायचं नसतं, वाढवायच्या म्हणायचं. भाषेचं सोवळं शाबूत राहिलं आणि हिरव्या काचा मोरीत पडल्या. नंतर मीच त्या झाडून काढल्या. माझ्या हातावर त्यानंतर काहीही वाढलेलं नाही.

मुलीने चकती अलगद पाण्यात सोडली. "आता हात लावायचा नाही. जखम भरली की पसरायला लागेल."

जाऊबाई कौतुकाने वाकून बघत होत्या. त्यांच्या बांगड्या टाकीच्या काचेवर किणकिणत होत्या.

"नीट बघून घ्या, जाऊबाई," मी म्हटलं. "वाढवणं याला म्हणतात."