पार्वतामायचे पाय

इतकी वर्षं हे मी कुणाजवळ बोललो नाही. चर्चच्या पाळकसाहेबांजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. प्रार्थनेत डोळे मिटल्यावरही नाही — तिथे तर मुळीच नाही. देवाला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असतं, असं मी स्वतःला समजावत आलो. सोयीचं होतं ते.

अमरावतीत आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझं नाव आहे. मंडळीचा कारभार पाहणारा पंच होतो. सोयरिकीच्या बोलणीला मला आवर्जून नेतात, दोन घरांत वाद झाला तर मला बोलावतात. या नावाच्या मुळाशी एक म्हातारी आहे. ते सांगतोच — पण आधी सरोजबद्दल सांगू द्या. सरोजबद्दल सांगायला मला बरं वाटतं. म्हणूनच आधी तिकडे वळतोय का? असेल.

सरोज माझी बायको. माहेर परतवाड्याचं. आवाज मोठा, बोलणं तोंडावर, आणि हाताला क्षणभर उसंत नाही. पण चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहा म्हटलं, की ही मागच्या मागे सरकते. आमच्यात उपासनेत कुणीही उठतं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतं, त्याला साक्ष म्हणतात. सरोजनं आजवर एकदाही दिली नाही. "मले नाही जमत बाप्पा," म्हणते आणि पदर सावरून खालीच बसते.

पार्वतामाय आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. शेवंती-झेंडू विकून तिनं एकटीनं लेकाला, गोपालला वाढवलं. तो अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, रविवारी तेवढा घरी यायचा. एक दिवस माय मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ती परत उभी राहिली नाही. गोपाल काम सोडून यायला निघाला, तर सरोजनंच त्याला झापलं — "काम सोडून खाशीन काय, माती? मी आहो न इथं."

आणि ती होती. रोज सकाळी ऊन पाणी घेऊन जायची. अंग पुसायची, कूस बदलायची, चादरी धुवायची. मायचे पाय सुजायचे, टाचांना भेगा पडलेल्या. ते पाय घमेल्यात कोमट पाण्यात धरून बसायची, मग खोबरेल चोळायची. चोळता चोळता एखादं गीत गुणगुणायची. येशूबद्दल काही सांगायला बसली, असं कधी झालं नाही. उलट कोनाड्यातल्या देवांपर्यंत मायचा हात पोचत नव्हता, तर सरोज तिथली धूळ पुसून रोज एक फूल ठेवायची. मी चिडलो. आपण ख्रिस्ती माणसं, कुणी पाहिलं तर? ती म्हणाली, "त्यायचा हात पुरत नाही, म्हून माहा पुरवला. पूजा करून राहिली का मी?"

मी काय करत होतो? मी दारात उभा असायचो. स्पष्टच सांगतो, मला किळस यायची. त्या खोलीचा वास मला सहन होत नव्हता. सरोजची बादली मी वेगळी करायला लावली होती. तिथून आली की लुगडं बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा माझा नियम. एका रविवारी गोपाल घरी असताना मी त्यांच्या उंबऱ्याबाहेरूनच ओरडलो, "सरोज, साबणानं दोनदा हात धू, मग माझा चहा ठेव." गोपालनं माझ्याकडे पाहिलं. माय मात्र खाटेवरून हसली — "सरोज, तुया साहेब कलेक्टरवानी दारातच उभा राह्यते वो. आत ये म्हना त्याले, चावत नाही मी." सगळे हसले. मीही हसलो. आत गेलो नाही.

दीडेक वर्षानं माय गेली. तेरवी झाल्यावर गोपाल आमच्या ओसरीत येऊन बसला. मग म्हणाला, "वहिनी, रक्ताच्या माणसानं केलं नाही ते तुमी केलं. काहून केलं?" सरोज गोंधळली. एवढा सरळ प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "मले सांगता येत नाही रे," ती म्हणाली. "रविवारी चर्चमधे येजो. तिथं समजन तुले."

तिनं आयुष्यात दिलेलं हे एकच बोलावणं.

आणि तो आला! इस्त्रीचा शर्ट घालून, देवळात काढतात तशा चपला बाहेर काढून, शेवटच्या बाकावर बसला. पुढच्या रविवारीही आला. गीतं येत नव्हती, तरी ओठ हलवायचा. सरोज त्या दिवसांत कशी दिसायची म्हणून सांगू? रविवारी सकाळी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मी चिडवायचो तिला. सुखाचे दिवस होते ते, खरंच.

मग नाताळाच्या आधीचा एक रविवार. पाळकसाहेब बोलले की आपला विश्वास तोंडानं कमी आणि हातांनी जास्त सांगायचा असतो. कुणाला असा अनुभव असेल तर पुढे यावं. मी उठलो. का उठलो? पंचांची निवड जवळ आली होती, पण ते कारण तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं. सुरुवात सरळच होती — आमच्या शेजारी एक म्हातारी होती, अंथरुणाला खिळलेली. मंडळी ऐकत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला रुमाल लावला. आणि तो रुमाल पाहून माझ्या तोंडून निघालं की मी रोज सकाळी तिचे पाय धुतले. तिच्या भेगांना मी तेल लावलं. तिच्या देवांचं सोडून बाकी सगळं मी माझ्या नावावर केलं.

सरोज बायकांच्या बाजूला खाली मान घालून बसली होती. गोपाल मागे आहे, हे मी विसरलोच होतो. खरंच विसरलो होतो. त्यानं माझा गुन्हा कमी होतो, की वाढतो?

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? बायकोचं काम स्वतःचं म्हणून सांगितलं, जगात किती नवरे सांगतात. सरोज घरी आल्यावर तेच म्हणाली — "म्या केलं का तुमी केलं, घर एकच न." एवढंच असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

उपासना सुटल्यावर गोपाल फाटकाशी थांबला होता. रागावलेला नव्हता. म्हणाला, "भाऊ, तुमी तर आत बी येत नव्हते न." मी इकडेतिकडे पाहिलं. पाळकसाहेब दहा पावलांवर हात मिळवत उभे होते. मी आवाज खाली आणला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आमच्यात असंच सांगतात, गोपाल."

आमच्यात. माझं खोटं मी सगळ्यांच्या अंगावर टाकलं — पाळकांच्या, मंडळीच्या, ज्याच्या नावानं आम्ही जमतो त्याच्यासुद्धा.

"हाव?" तो म्हणाला. "मले वाटलं, तुमच्यात वहिनीवानी असते."

चपला घातल्या आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. नंतरही नाही. काही महिन्यांत खोली विकून अकोटला राहायला गेला, निरोप न घेता.

सरोज वाट पाहत राहिली. एका संध्याकाळी मला चहा देताना म्हणाली, "माह्यंच चुकलं का जी? मी बोलावलं तेच चुकलं. त्याले वाटलं असन, या बाईनं ह्याच्यासाठीच केलं सारं." तिचा चेहरा मला अजून दिसतो. एका वाक्याचं काम होतं. मी बशीतला चहा फुंकला आणि म्हणालो, "हो. घाईच केलीस तू."

मी पंच झालो. ती साक्ष अकोल्याच्या सभेतही दिली. तिथे ती आणखी चांगली वठली. सभेनंतर एका म्हाताऱ्या बाईनं माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. मी लावू दिले.

सरोजची सेवा थांबली नाही. कुणाचं बाळंतपण, कुणाचं दवाखान्यातलं जेवण, चालूच असतं. पण चर्चमध्ये ये, असं तिनं पुन्हा कुणालाही म्हटलं नाही. मागच्या महिन्यात समोरच्या घरातली मोर्शीकडची नवी सून, जिच्या तान्ह्या लेकराला सरोजच रोज न्हाऊ घालते, आपणहून म्हणाली, "काकू, मी येऊ का एखाद्या रविवारी तुमच्यासोबत?" आणि मी आतून ऐकलं, सरोज घाईघाईनं म्हणाली, "नको पोरी. नको. तू घरीच येत जाय." आवाजात भीती होती. माझ्या सरोजच्या आवाजात!

ती भीती माझ्या हातची आहे.

परवा सांगितलं तिला. सगळं. फाटकाशी काय बोललो तेही, बशीतल्या चहाचंही. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली. मला वाटलं, ओरडेल. तिनं फक्त विचारलं, "गोपाल कुठं राह्यते आता?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी चौकशीच केली नव्हती.

आज सकाळी ती अकोटच्या एसटीनं गेली, जिनिंगमध्ये विचारत विचारत जाते म्हणाली. मी पायात चपला घालून तयार होतो. सोबत येतो म्हणालो.

"नोका येऊ," ती म्हणाली. "तुमाले पाह्यलं का तो दार नाही उघडणार."

बरोबर आहे तिचं.