गंगावन

लहानपणी मला वाटायचं, गंगावन हे एक रान आहे. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तेव्हा गंगावन म्हणजे पैठणच्या बाजूला, गंगेच्या काठावरचं, दाट सावलीचं, ओलसर रान, असा माझा साधा समज होता. आई त्या रानात राहते, हेही मी ठरवून टाकलं होतं. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. तिचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. पण त्या दिवसांत पाचोडच्या आमच्या घरी जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी बोललेलं एक वाक्य कानात राहून गेलं, "तिचं गंगावन बी तिच्यासंगंच गंगेला गेलं." आई कुठं गेली असं विचारलं की आत्याही म्हणायची, "गंगेला." झालं, दोन्ही मिळून माझं रान उभं राहिलं.

गंगावन म्हणजे वेणीत मिसळायचे खोटे केस, हे पुढं शाळेत एका मैत्रिणीनं सांगितलं आणि वर पोट धरून हसली. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. रान खोटं ठरलं तरी स्वप्नात येत राहिलं. त्यात झाडांना पानं नसायची, लांब काळे केस लोंबत असायचे, आणि मधल्या पायवाटेनं एक बाई पाठमोरी चाललेली असायची. तिला हाक मारावी तर नेमकं काय म्हणायचं तेच सुचायचं नाही.

आईचा एकच फोटो आमच्याकडं आहे. त्यात वडील खुर्चीवर आणि ती शेजारी उभी, पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. मी तो फोटो घेऊन आरशासमोर उभी राहायचे आणि नाक, हनुवटी, कान जुळवून बघायचे. तेवढ्यात आत्या फोटो काढून घ्यायची. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली होती, मला तिनंच वाढवलं. ती म्हणायची, "काय बघतीस त्यात? तू समदीच्या समदी बापावर गेलीस. पितृमुखी पोर भाग्याची असती." हे ती पाहुण्यांसमोर म्हणायची, सोयरीक घेऊन आलेल्या माणसांसमोर तर दोनदा म्हणायची. मला त्याचा राग यायचा. भाग्य नको, आईचं एखादं बोट तरी माझ्यात यायला हवं होतं, असं वाटायचं.

चाळिशीत माझे केस गेले. आधी कानामागं रुपयाएवढी चाई पडली, मग दुसरी, मग दोघींची गाठ पडली आणि बघता बघता माथा मोकळा झाला. तोवर मी लग्न होऊन शहरात, मुकुंदवाडीला राहत होते आणि एका कचेरीत नोकरी करत होते. कचेरीतल्या बायकांनी कांद्याचा रस सांगितला, जास्वंद सांगितली, एकीनं तर उंदराच्या लेंड्या सांगितल्या. ऐकावे जनाचे हे खरं, पण जनालाही काही मर्यादा असावी. डॉक्टर म्हणाले, शरीर कधी कधी आपल्याच केसांना परकं समजतं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? मी ठणकावून नाही म्हणाले. नवरा म्हणाला, "तू मला आहेस तशी छान दिसतेस." तो मनापासून म्हणाला होता, तरी त्या दिवशी मी त्याला जेवताना दुसऱ्यांदा वाढलं नाही.

शेवटी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेले. तिथं एका अरुंद जिन्याच्या वर गंगावनं, अंबाडे आणि नाटकाचे टोप विकणारं दुकान आहे. दुकान एक वयस्क बाई चालवायच्या. पडद्यामागं स्टुलावर बसवून त्यांनी माझ्या डोक्यावरचा रुमाल सोडला, आणि एखाद्या भांड्याचं माप घ्यावं इतक्या सहजपणे डोकं चाचपलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, उलट झोप येऊ लागली. भिंतीवर लोंबणारे केस पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते. मी त्या रानात येऊन बसले आहे असंच वाटत होतं.

मी सरळ केसांचा टोप मागितला, कारण माझे केस जन्माचे सरळ. आत्या म्हणायची, तुझ्या वेणीला गाठ मारली तरी सुटून पडते. टोप घातला आणि आरशात गॅदरिंगच्या नाटकातली राणी दिसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपा, सीधे बालां में जोड दिखता. घुंगराले लेव. घुंगराले में कुछ नै दिखता." त्यांनी दुसरा खोका उघडला. त्यात खांद्यापर्यंत येणारे, दाट, काळेभोर कुरळे केस होते. जाळी कपाळावर बसवून त्यांनी कडेच्या उरल्यासुरल्या केसांत चार क्लिपा आतून दाबल्या, बोटांनी केस मोकळे केले आणि बाजूला सरकल्या.

आरशात जी बाई बसली होती तिला मी कुठंतरी पाहिलं होतं. कुठं, ते आठवेना. मी मान वळवली, तिनं वळवली. मी पदर डोक्यावर घेतला, पुन्हा खाली सोडला. बराच वेळ मी तशीच बसून राहिले असेन, कारण बाईंनी विचारलं, "पसंद नै क्या?" मी म्हणाले, "हाच द्या."

कचेरीत विचारलं, पर्म केलंस का? मी हो म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. उन्हाळ्यात जाळीखाली घाम साचायचा, क्लिपा टोचायच्या, स्कूटरवर मागं बसताना एक हात डोक्यावर ठेवावा लागायचा. तरीही मला तो टोप आवडायचा, हे कबूल करते. दुपारच्या सुस्तीत पंख्याखाली एखादी बट गालावर येऊन हलायची आणि मी समोरचं काम विसरून भलतीकडंच जायचे. स्वप्नातली बाई आता अधूनमधून थांबू लागली होती, वळत मात्र नव्हती.

फक्त पाचोडला मी जात नव्हते. वडील गेल्यानंतर आत्या तिथं चुलतभावाच्या घरी होती आणि काचबिंदूनं तिची नजर पार गेली होती. फोनवर मी रोज नवं कारण द्यायचे. तिनं मला वाढवलं, माझे केस तिनं आपल्या हातानं विंचरले, धुतले, गुंफले. ते गेले हे तिला कळू नये एवढीच माझी इच्छा होती. त्या वयात तिच्या जिवाला हा घोर कशाला? आणि खरं सांगायचं तर तिनं माझी कीव केली असती तर मला सोसलं नसतं.

टोप अंगवळणी पडल्यावर मात्र वाटलं, आता जायला हरकत नाही, नाहीतरी तिला दिसत नाही. एसटीत बसले. अडूळ मागं पडलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्याला दिसत नाही म्हणूनच तर ती हातानं बघते. गेल्यागेल्या ती आलाबला घेणार, दोन्ही तळवे गालांवरून कानशिलांवर, तिथून डोक्यावर नेणार आणि मग स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडणार. तिच्या हाताला माझे केस सरळ म्हणून पाठ होते. आणि मी निघाले होते कुरळे घेऊन. दुनियेसाठी केस निवडले आणि जिच्यापासून लपवायचं तिलाच विसरले. आंधळी तीच होती की मी, कोण जाणे. परतीची गाडी पकडावी असं मनात आलं, पण तोवर पाचोड आलं होतं.

बाजाराचा दिवस होता, घरातली सगळी बाजारात गेली होती. आत्या पडवीत बाजेवर बसल्या बसल्या पेंगत होती. मी चप्पल काढून तिच्या पायाशी टेकले. "कोण हाय?" तिनं अर्धवट झोपेत विचारलं. मी बोलायच्या आतच तिचे हात आले. गालांवरून, कानांवरून वर गेले, कुरळ्या केसांत शिरले आणि थांबले.

"वहिनी," ती हलकेच म्हणाली. "कव्हा आलीस गं?"

तिच्या वहिनीला, म्हणजे माझ्या आईला, कुणी हाक मारताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "आत्या, मी आहे" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. मला अजून थोडा वेळ ती व्हायचं होतं.

"पोरगी निजली हाय," आत्या केसांतून बोटं फिरवत म्हणाली. "लई रडली तुह्यासाठी. आता उठवू नको."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिच्या मनगटावर पडलं. त्यानं ती जागी झाली. "वहिनी कशी यील," ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिची बोटं कपाळाकडं आली, जाळीची कड लागली, क्लीप लागली. "तूच हायेस व्हय. हे काय गं, माय?"

"टोप आहे, आत्या. केस गेले माझे."

"काढ."

मी क्लिपा सोडल्या. टोप तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तळहात माझ्या उघड्या माथ्यावर ठेवला आणि बराच वेळ तो तिथंच राहू दिला. वर पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या.

"चाई," ती म्हणाली. "तुह्या आईला बी हेच झालं व्हतं."

ती सांगत गेली. आईचे केस असेच होते, कुरळे, दाट, विंचरताना फणीचे दात मोडायचे. मी झाले आणि त्याच वर्षी ते गेले. कडेकडेनं थोडे राहिले. मग ती पदर कपाळापर्यंत घ्यायची, घरातही सोडायची नाही. वडिलांनी गुलमंडीवरून गंगावन आणलं. उरलेल्या केसांना ते बांधून वर पदर घेतला की पाठीवर वेणी दिसायची, तेवढ्यावर ती फोटोला उभी राहिली.

"मला कधीच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. मला राग आला होता, आणि तो लपवावा असं वाटलं नाही.

"तिनं शपथ घातली व्हती. म्हनली, पोरीला बी हे व्हईल म्हनून लोक तिच्या डोक्याकडं बघत बसतेल, तिची सोयरीक व्हायची नाय. आईवर गेली असं कुणाला म्हनू देऊ नका." आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "म्हनून म्या म्हनायची, बापावर गेली."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. पाहुण्यांसमोरचं, दारातलं, ओट्यावरचं तिचं ते वाक्य मला पुन्हा ऐकू येत होतं. इतकी वर्षं मी त्यावर रुसले होते. ते माझ्या आईचं माझ्यासाठी मागं ठेवलेलं एकुलतं एक बोलणं होतं.

आत्यानं मांडीवरचा टोप चाचपला, एक बट बोटाला गुंडाळली, सोडली. "असेच व्हते," म्हणाली. मग तिनं माझ्या उघड्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून आलाबला घेतली आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "घाल आता. ऊन लागंल."

परतीच्या एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर बाजाराची पिशवी. खिडकीतून वारा येत होता आणि मी डोक्यावर हात धरायला विसरले होते. ती माझ्याकडं निरखून बघत राहिली.

"केस लई झ्याक हायेत बाई तुमचे," ती म्हणाली. "आईवर गेले का?"

"व्हय," मी म्हणाले. "आईवर गेलेत."